श्वासाचें गणित

कर्जत तालुक्यांतील माथेरानचा डोंगर सुमारें ८०० मीटर उंच आहे. नेरळहून वर जाणाऱ्यास तेथील हवा निर्मळ लागते, पण ती विरळही असते. श्वासनलिकेंत शिरलेल्या ओलसर हवेंतील प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीस पाऱ्याच्या १५० मिलिमीटरांच्या आसपास, तर माथेरानास १३५ च्या जवळपास भरतो. म्हणून रक्तांतील प्राणवायूचा आंकडा वाचण्यापूर्वीं रोगी कोठें आहे व कोणती हवा घेत आहे, हें विचारावें लागतें.

१९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. रोग्यांच्या रक्तांत कर्बवायूचें एकूण प्रमाण वाढलेलें दिसे आणि रक्तांतील अल्क वाढलें, असा त्याचा अर्थ लावला जाई. श्वास अपुरा पडल्यामुळेंच हा वायु कोंडला आहे, हें डॉक्टर ब्यॉर्न इब्सेन यांनीं ओळखलें. विद्यार्थ्यांनीं रात्रंदिवस हातानें पिशवी दाबून रोग्यांचा श्वास चालविला, आणि मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. आंकडा तोच होता. अर्थ बदलतांच प्राण वांचले.

पुढें १९८५ सालीं अमेरिकेंत विल्यम नॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आजाराची तीव्रता गुणांनीं मांडणारी 'अपॅची-२' पद्धति प्रसिद्ध केली. अतिदक्षता विभागांतील पहिल्या २४ तासांत १२ मोजमापांचे जे सर्वांत वाईट आंकडे आढळतील, ते तींत धरावयाचे. प्राणवायूची बाब मात्र नाजूक. रोगी घेत असलेल्या हवेंत प्राणवायू ५० टक्क्यांहून कमी असेल, तर धमनींतील दाब पाहावयाचा. ५० किंवा अधिक असेल, तर फुप्फुसांतील व धमनींतील दाबांचें अंतर पाहावयाचें. कारण प्राणवायू भरपूर पुरविला कीं नुसता दाब बरा दिसतो, फुप्फुस मात्र दुबळेंच राहतें.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत पारीख व कर्नाड यांनीं हीच पद्धति वापरून केलेला अभ्यास १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्यक्ष मृत्यु भाकितापेक्षां अधिक निघाले. असा फरक दिसला कीं रुग्णालयास बोल लावण्याचा मोह होतो. परंतु न मोजलेली बाब 'ठीक' धरली जाते, आणि भाकित उगीच आशादायक होतें. खालापुराहून मुंबईस नेलेल्या रोग्यास वाटेंतच प्राणवायू दिलेला असला, तर दाखल होतांना त्याचे आंकडे सुधारलेले दिसतात. आजार तेवढाच राहतो. म्हणून आंकडा निवडणें ही कारकुनी नव्हे. ती रोग्याच्या स्थितीची साक्ष आहे, आणि ती खरीच दिली गेली पाहिजे.