शेवटचा शब्द लेकराचा

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. सही म्हणून ती अंगठाच उठवायची. पण घरातल्या सगळ्या लेकरांना बोलायला तिनंच शिकवलं, हे मला फार उशिरा कळलं. पहाटे ती जात्यावर बसली की मांडीवर एखादं लेकरू असायचंच. ओवी तिची स्वतःची, सुखदुःखाची. लेकरू पेंगत पेंगत ऐकायचं. दिवस उजाडला की मग लेकराची गाणी. टाळ्या वाजवायच्या, तळहातावर बोट फिरवायचं, कान धरून डोलायचं. त्यातल्या निम्म्या शब्दांना काही अर्थच नसायचा. "आजे, ह्याचा अर्थ काय गं?" असं विचारलं की म्हणायची, "अर्थ कशाला पायजे? लेकरू हासलं का नाही?"

मोठी झाल्यावर मी हे सगळं विसरले. पुढं एका पोरानं मला ते आठवायला लावलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं. १९८६ साली मी गावातल्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. देशात ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हा ३३ ठिकाणीच होती. आमच्यापर्यंत यायला तिला दहा-अकरा वर्षं लागली. जागा म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप. साहित्य म्हणजे एक फळा, चार तक्ते आणि सुकडीचं पोतं. प्रशिक्षणात मला छापील गाणी पाठ करायला लावली होती, शुद्ध भाषेतली. मीही नवी होते, हुरूप होता. पोरं माझ्यामागं म्हणायची, मी चुका दुरुस्त करायची. "पानी नाही, पाणी म्हण. लोनी नाही, लोणी."

दसरा झाला की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जायची. कारखान्याच्या टोळीबरोबर बैलगाड्या निघायच्या आणि काही लेकरं म्हाताऱ्यांपाशी मागं राहायची. असंच साडेतीन वर्षांचं एक पोर माझ्याकडं यायला लागलं. पहिल्या आठवड्यात ते दोन-चार शब्द बोललं. मी ते दुरुस्त केले. नंतर ते बोलेचना. सुकडी खायचं, खांबाला टेकून बसायचं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. मी रजिस्टरात लिहिलं, 'बोलत नाही.' बायका म्हणायला लागल्या, मुकं हाय जणू. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

एक दिवस त्याची आजी त्याला न्यायला लवकर आली. गाण्याचा तास चालला होता. म्हातारी खांबापाशी बसली, पोराला मांडीत घेतलं आणि त्याचा पंजा हातात धरून आपलंच काहीतरी गुणगुणायला लागली. अंगठा म्हणे घर राखतो, पहिलं बोट सरपणाला गेलं, मधलं भाकरी थापतं, चौथं ढोरामागं गेलं, आणि करंगळी विहिरीवर गेली आणायला... इथं म्हातारी थांबली. नुसती थांबली. पोराकडं बघत राहिली.

"पानी!" पोर म्हणालं.

जो शब्द मी दुरुस्त केला होता, तोच. माझे कान गरम झाले. म्हातारी मला म्हणाली, "बाई, घरी लई बोलतंय हे. इथं का बोलत नाही?" मला उत्तर माहीत होतं. देता आलं नाही.

त्या रात्री मी आजीची गाणी आठवत बसले. ती सुद्धा शेवटच्या शब्दाला थांबायची. गाणं रोज तेच असतं, म्हणून पुढचा शब्द लेकराला आधीच ठाऊक असतो. यमक त्याला हाताला धरून तिथवर नेतं. मग शेवटचा शब्द त्याचा. आपण काहीतरी बोललो, समोरचं माणूस हासलं, ही त्याची पहिली कमाई. आज एक शब्द, उद्या दोन, मग अख्खी ओळ. आणि ते अर्थ नसलेले शब्द? त्यांच्यातून कान तयार होतो. सटरफटर, लगबग, अदलाबदल, पाऊसपाणी असल्या जोडशब्दांनी आपली भाषा भरलेली आहे. अशा आवाजांशी खेळलेलं पोर कोणता शब्द कुठं तुटतो आणि कोणता कशाशी जुळतो, हे शिकवल्याशिवाय ओळखतं.

पुढं एका प्रशिक्षणात कळलं की हे शास्त्रानंही तपासलंय. इंग्लंडात ब्रायंट, ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ मुलांना वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत पाहिलं आणि १९८९ साली ते छापलं. तिसऱ्या वर्षी ज्यांना जास्त बालगीतं येत होती, ती मुलं पुढं आवाजातले फरक चांगले ओळखत आणि वाचायलाही पुढं असत. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक हिशोबात धरूनही हे नातं उरलं. ऐकताना मला ती म्हातारी आठवत होती.

आणि आठवल्या ताराबाई मोडक. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. गरिबाघरची पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. पोरं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणात भरवली. लेकराला शाळेपाशी ओढायचं नाही, शाळेनं लेकरापाशी जायचं, हे त्यातलं सार. मी नोकरी अंगणवाडीत करत होते, पण पोराच्या अंगणात काही गेले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी दुरुस्त करणं सोडलं. आठवड्यातून एक दिवस गावातल्या म्हाताऱ्यांना बोलवायला लागले. लमाण तांड्यावरची एक आजी तिच्या बोलीत गायची. पोरं तेही शिकली. छापील गाणी सोडली नाहीत, पण ती नंतर. 'पाणी' ते पोर पुढं शाळेत आपोआप शिकलं. त्यासाठी आधी 'पानी' म्हणायची त्याला मुभा हवी होती.

आता माझ्या नातवंडांच्या हातात मोबाईल आहे. त्यात गाणी चिक्कार, चित्रं रंगीत. पण मोबाईल शेवटच्या शब्दाला थांबत नाही आणि लेकराच्या तोंडाकडं बघत नाही.

पाडव्याच्या पुढंमागं टोळ्या परत आल्या. त्या पोराची आई गाडीतून उतरली ती तशीच देवळाकडं आली, हातापायाला उसाच्या पाचटाचे ओरखडे. पाच महिन्यांनी पोर आपल्याला ओळखतं का नाही, ह्याचंच भ्या तिच्या तोंडावर. पोर आधी बुजलं, खांबामागं गेलं. मग हळूच आलं, तिचा पंजा धरला आणि अंगठ्यापासून सुरू झालं. करंगळीपाशी येऊन थांबलं. तिच्याकडं बघत राहिलं.

आई म्हणाली, "पानी." आणि पदर डोळ्याला लावला.