आजीचं जांभळं लुगडं आणि ब्लीचची बाटली

लष्करात आमच्या जनकगंजच्या घरी मोरीशेजारची खोली ‘दादाची प्रयोगशाळा’ म्हणून ओळखली जायची. थोरला भाऊ शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा आणि घरी रंगीत स्लाइड फिल्म धुवायचा. घरातले सगळे याला खर्चिक वेड म्हणत. मीही म्हणत असे.

सुरुवात झाली ओर्वोच्या यूटी १८ ने. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा कारखाना, जिथून 1936 साली आग्फाकलर निघाली, त्याच कारखान्याने 1964 पासून ओर्वो हे नाव घेतलं. या फिल्मला पहिल्या डेव्हलपरनंतर पुन्हा उजेड दाखवावा लागे. दादा ती मोठ्या बल्बखाली उलटसुलट फिरवायचा. ओल्या फिल्मचा थेंब तापलेल्या काचेवर पडला की बल्ब फुटायचा, आणि आईचा आवाज चढायचा. कोडाक्रोम मात्र घरी धुणं शक्यच नव्हतं, कारण तिच्यात रंग आतून नसतात, धुताना घालावे लागतात.

मग ई-६ आली. तिच्यात उजेडाचं काम रिव्हर्सल बाथ नावाचं रसायन करतं. पण पहिला डेव्हलपर 38 अंशांवर हवा, अर्ध्या अंशाचीही सूट नाही. ग्वाल्हेरचं हवामान तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपोआप तापलेलं, आणि जानेवारीत नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा आजीचं तांब्याचं घंगाळ कामाला यायचं. बाटल्या त्यात उभ्या, दादा थर्मामीटर घेऊन पाटावर बसलेला.

1984 च्या हिवाळ्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. सगळे नातेवाईक आले होते. दादाने एकच रोल काढला, आणि धुतल्यावर तो मळकट पिवळा निघाला. आजीचं जांभळं लुगडं चिखलासारखं दिसत होतं. त्या रात्री दादा जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो फिल्म खिडकीला धरून बसला. मला म्हणाला, “अरे, चूक कुठल्या खात्यात आहे ते आधी बघू.” (ही माझीच भाषा. बँकेत ताळेबंद जुळला नाही की आम्ही हेच करायचो.) दोन चित्रांमधली पट्टी, जिला उजेड लागलेलाच नसतो, ती स्लाइडमध्ये गडद काळी यायला हवी. तिच्यावरच रंगाची झाक असेल तर दोष धुण्यात. पट्टी चांगली आणि चित्र हिरवं, तर तो ट्यूबलाइटचा प्रताप. चित्र नारिंगी असेल तर साधा बल्ब, निळसर असेल तर सावलीतला फोटो. दादाच्या मते निम्म्या वेळा लोक उगाच डेव्हलपरला शिव्या देतात.

आमची पट्टी काळीच होती. मग त्याने रोलचं सुरुवातीचं टोक पाहिलं. कॅमेऱ्यात भरताना त्याला भरपूर उजेड लागतो, म्हणून ते काचेसारखं स्वच्छ यायला हवं. ते करडं-तपकिरी होतं. म्हणजे रंग बरोबर बनले होते, पण चांदी निघाली नव्हती. ब्लीचची बाटली जुनी, त्यातून आधीच बऱ्याच फिल्म गेलेल्या, शिवाय थंड. ब्लीचला हवाही लागते, आणि ती बाटली घट्ट बंद होती.

पहिल्या डेव्हलपरची चूक झाली तर इलाज नाही. कमी झालं तर चित्र काळवंडतं, जास्त झालं तर फिकं पडतं, आणि ते तसंच राहतं. ब्लीचची चूक मात्र भरून काढता येते. दादाने नवं ब्लीच बनवलं, हलवून हवा दिली, घंगाळात गरम केलं, फिल्म पुन्हा बुडवली, मग फिक्सर, मग भरपूर पाणी.

संध्याकाळी भिंतीवर पांढरी चादर लावली. पहिल्याच स्लाइडला आजी म्हणाली, “हे माझंच लुगडं ना रे?”

त्या रोलमधल्या एकोणतीस स्लाइड्स आजही माझ्याकडे आहेत. त्यानंतर आजीचा रंगीत फोटो कुणी काढला नाही. फाल्गुनात ती गेली.