गायरान, कुरण आणि खताचा हिशेब

पुणे–सातारा मार्गावरील वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातील गाव. ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ या मूळ फारसी विशेषणांनी दफ्तराने थोरली व धाकटी गावे निराळी केली. तशीच गावची जमीनही पिकाऊ, पड, कुरण व गायरान अशा नावांनी विभागली. यांपैकी शेवटच्या दोन शब्दांतील भेद अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कुरण म्हणजे राखलेले व कापून नेण्याचे गवत. गायरान म्हणजे गावच्या गुरांना मोकळे असलेले रान. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने अशी मोफत चराई राखून ठेवण्याची तरतूद केली. परंतु त्या जमिनीचा कस टिकविण्याचा भार कोणावर, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

भोर–वेल्ह्याच्या मावळी पट्ट्यात खताचा प्रवाह नेहमी एकाच दिशेने वाहिला. गुरे दिवसा रानात चरत आणि रात्री गोठ्यात बांधली जात. गोठ्यातील शेण उकिरड्यावर, तेथून शेतात जाई. काही शेण, पालापाचोळा व गवत भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यात खर्ची पडे. उरलेल्याच्या गोवऱ्या होत. सरपणाच्या तुटवड्यामुळे खत असे चुलीत जाते, ही गोष्ट डॉ. व्होएल्कर यांनी हिंदी शेतीविषयीच्या १८९३ च्या अहवालात ठळकपणे मांडली होती. सारांश, रान देत राहिले आणि शेत घेत राहिले.

खताला मोल नव्हते असे मात्र नाही. धनगरांचा कळप शेतात बसविण्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसा देत आला आहे. लेंडीखताची किंमत शेताच्या बांधावर ठरली. ज्या रानातून ते आले, त्याच्या खाती काहीच जमा झाले नाही.

गवताला खत दिल्यास काय घडते, याचा दीर्घ प्रयोग इंग्लंडात रॉथमस्टेड येथे १८५६ पासून चालू आहे. तेथे नत्रयुक्त खतांनी गवत वाढले, पण द्विदल वनस्पती मागे हटल्या; स्फुरद व पालाश यांनी द्विदलांना बळ मिळाले. मावळातील परिस्थिती निराळी आहे. येथे गवताची वाढ मुख्यतः पावसाळ्यातच होते, आणि उताराच्या जमिनीवर मुसळधार पावसाने विद्राव्य नत्र वाहून जाते. म्हणून खत कोणते, किती व केव्हा, यावर नफा-तोटा अवलंबून असतो.

तथापि खरी अडचण रसायनाची नसून हक्काची आहे. कुरण राखणाऱ्यास वाढलेले गवत स्वतः कापता येते. गायरानावर खत टाकणाऱ्याचा खर्च एकट्याचा, लाभ मात्र सर्वांच्या गुरांचा. ज्याची गुरे अधिक, त्याचा वाटा मोठा. अशा स्थितीत कोणीही खर्च न करणे हेच प्रत्येकाला शहाणपणाचे वाटते. मग चांगली गवते विरळ होतात, कुसळी माजते आणि रान ‘निरुपयोगी’ ठरते. निरुपयोगी ठरलेले रान बळकावणे सोपे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश राज्यांना दिले, त्यामागे हीच दीर्घ उपेक्षा होती.

गायरानास खत परवडते काय, या प्रश्नाआधी पाळीने चराईबंदी, जनावरागणिक वर्गणी आणि कापणीतील वाटा यांचा निर्णय गावाने केला पाहिजे. तो झाल्यावाचून टाकलेले खत पहिल्याच पावसात वाहून गेल्यासारखे होय.