गैरहजर कर्ता : गिऱ्हाईक, कायदा आणि कादंबरी

कोल्हापूरकरांच्या बोलण्यात ‘कळंबा’ हे नाव तेथील तलावाइतकेच मध्यवर्ती कारागृहाचेही आहे. वेश्याव्यवसायाच्या संदर्भात ज्यांच्यासाठी कायद्याने शिक्षेची वाट आखून ठेवली, त्यांत कुंटीण आहे, दलाल आहे, खुद्द ती स्त्रीही आहे. ज्याच्या पैशावर हा व्यवहार उभा आहे, तो पुरुष मात्र या वाटेवर क्वचितच दिसतो. ही अनुपस्थिती केवळ पोलिसी ढिलाईची नसून ती भाषेत, कायद्याच्या संहितेत आणि कादंबरीतही रचली गेली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम भाषेचा विचार करू. ‘मुलगी देवाला सोडली’, ‘बाई धंद्याला लावली’ या वाक्यांत स्त्री कर्म आहे. कर्ता अध्याहृत आहे. पुरुषाविषयी बोलताना तो कर्ता होतो खरा, पण क्रियापदे असतात ‘नादाला लागला’, ‘वाहवत गेला’ अशी. म्हणजे व्याकरणाने कर्ता, अर्थाने मात्र बळी! आपण विकत घेत आहोत हे पुरुषाने स्वतःशीही कबूल करू नये, अशी सोय या वाक्प्रचारांत आहे. सांगली-कोल्हापूर भागात या व्यवसायातील स्त्रिया मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘गिऱ्हाईक’ आणि नेहमीच्या सोबत्याला ‘मालक’ म्हणतात. त्यांच्या शब्दांत व्यवहारही लपत नाही आणि सत्ताही लपत नाही.

कायद्याची परंपरा याच वाक्यरचनेची. १८६८ च्या सांसर्गिक रोगविषयक कायद्याने स्त्रियांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी ठरवली. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना तपासणीची सक्ती नव्हती. १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला. त्यामागची दृष्टी मात्र टिकली. १९५६ च्या कायद्याने देवळे, शाळा इत्यादींच्या परिसरातील व्यवहारात स्त्रीबरोबरच्या पुरुषालाही दोषी धरले, हे नोंदवले पाहिजे. परंतु तुलना बोलकी आहे. १९८६ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक ठिकाणी मागणी केल्याबद्दल स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुरुषाला किमान सात दिवस, कमाल तीन महिने. शिवाय स्त्रीला कैदेऐवजी दोन ते पाच वर्षे सुधारगृहात ठेवण्याची तरतूद आहे. सुधारायचे आहे ते तिला, त्याला नव्हे.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूर संस्थानाचा एक कायदा वेगळा उठून दिसतो. १७ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू छत्रपतींनी अनौरस हिंदू संतती आणि जोगतिणी यांच्याविषयी केलेला हा कायदा. हे दोन विषय एकाच संहितेत आणणे हीच त्यातली दूरदृष्टी होय. जोगतिणीचा प्रश्न केवळ अनीतीचा न राहता तो वारसाचा, मिळकतीचा झाला. आणि मिळकतीचा प्रश्न आला की पुरुषाला पडद्याआड राहता येत नाही. अनौरस संततीचा विचार करायचा तर बापाचाही करावा लागतो. या कायद्यालाही मर्यादा होतीच : एका रात्रीपुरते येणारे गिऱ्हाईक त्याच्या कक्षेत येत नव्हते. तरीही पुरुषाकडे उत्तरदायी माणूस म्हणून पाहण्याची शक्यता त्याने दाखवून दिली. मुंबई इलाख्याच्या १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्याने देवाला वाहणे बेकायदा ठरवले व अशा स्त्रीचा विवाह वैध मानला. लक्ष पुन्हा विधीकडे आणि स्त्रीकडे वळले.

मराठी कादंबरीने हा प्रदेश उशिरा, पण गांभीर्याने हाताळला. उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’, राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या कृतींनी यल्लम्माच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आतून वाचा फोडली. ‘भंडारभोग’मध्ये तर देवाला वाहिलेला पुरुष केंद्रस्थानी आला. परंतु या कृतींविषयीची आपली समीक्षा ‘वेदना’, ‘दाहकता’ या शब्दांपाशीच रेंगाळली. भोगणाऱ्याचे चित्रण या संहितांत कोठे आहे, कोठे गाळले आहे, आणि वाचक कोणाच्या नजरेने त्या स्त्रीकडे पाहतो, हे प्रश्न आपण पुरेसे विचारले नाहीत. हळहळणारा वाचकही कधी कधी पडद्याआडच्या त्या पुरुषाचाच शेजारी असतो.

मग कर्त्याला वाक्यात आणायचे म्हणजे त्याला कळंब्याला पाठवायचे काय? स्वीडनने १९९९ पासून खरेदीदारालाच गुन्हेगार ठरवले. आपल्याकडे २००६ च्या दुरुस्ती विधेयकात, शोषणासाठी कुंटणखान्यात जाणाऱ्याला शिक्षा करण्याचे कलम होते. विधेयक पुढे लोकसभेबरोबर संपुष्टात आले. या कलमाला विरोध केला तो व्यवसायातील स्त्रियांच्या संघटनांनीच. गिऱ्हाईक भ्याले की व्यवहार अंधारात जातो आणि अंधारात नकार देण्याची तिची ताकद कमी होते, हा त्यांचा युक्तिवाद अनुभवातून आलेला आहे. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे आणि सुधारगृहात इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या प्रकरणांचा फेरविचार व्हावा, असे निर्देश दिले. त्यातही दिशा हीच आहे : आधी तिचा हक्क.

शिक्षा आणि अदृश्यता यांखेरीज तिसरा पर्याय उत्तरदायित्वाचा आहे. १९२० च्या संहितेत त्याचे बीज होते : पुरुषाच्या नीतीची चौकशी करण्यापेक्षा त्याच्या देण्याचा हिशेब मांडावा. तो हिशेब मांडायचा तर आधी वाक्य बदलावे लागेल. ‘ती धंद्याला लागली’ असे लिहिताना ‘कोणाच्या पैशाने?’ हा प्रश्न कायदा करणाऱ्यानेही विचारला पाहिजे आणि समीक्षकानेही.