लाकडाच्या तोंडाला रडू कसं आणायचं?

गेल्या खेपेला आपण तंजावरला, बृहदीश्वराच्या आवारातल्या १८०३ सालच्या मराठी शिलालेखापाशी थांबलो होतो. आज तिथून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या कुंभकोणमला जायचंय. बारा वर्षांनी भरणारा महामहम आणि पितळी डबऱ्यातली कॉफी यासाठी लोकांना हे गाव माहीत असतं. मराठी माणसाला आणखी एक ओळख हवी: बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव इथलेच, जन्म १८२८ चा.

पण आज दिवाण नकोत. आज बाहुल्या.

विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "कर्नल, लढाया संपल्या का तुमच्या?" संपल्या नाहीत. पण कुंभकोणम सौ.चं आजोळ, त्यामुळे दर हिवाळ्यात आमचा तिथे मुक्काम असतो आणि घरातली नातवंडं, पुतवंडं बाहुलीनाट्य लिहायला माझ्यामागे लागतात. त्यांना शिकवताना मी इतिहासात शिरलो आणि तिथे जे सापडलं ते सांगण्याजोगं आहे.

कुंभकोणम हे 'बोम्मलाट्टम'चं, म्हणजे लाकडी बाहुल्यांच्या खेळाचं, जुनं ठिकाण. मणी अय्यर या नावाने ते देशभर पोचवलं. या बाहुल्या म्हणजे आपल्या खेळण्यातल्या बाहुल्या नव्हेत. एकेक बाहुली साडेचार फुटांपर्यंत उंच, वजन दहा किलोच्या आसपास. खेळवणारा डोक्यावर मुकुटासारखं लोखंडी कडं घालतो, बाहुलीच्या दोऱ्या त्या कड्याला बांधलेल्या असतात, आणि बाहुलीचे हात तो सळयांनी हलवतो. म्हणजे बाहुलीने मान वळवायची तर माणसाने स्वतःची मान वळवायची. दहा किलो डोक्यावरून टांगून तासन् तास नाचणं काय असतं, हे पाठीवर पिट्ठू घेऊन चाललेल्या माणसाला विचारा.

खेळ सुरू होताना आधी विनायकाची पूजा, मग कोमाळी. कोमाळी म्हणजे विदूषक. हा गडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच तमिळ मुलखात दुसरा खेळ आहे तो कातडी बाहुल्यांचा, 'तोलु बोम्मलाट्टम'. पडद्यामागे दिवा, पडद्यावर रंगीत सावल्या, आणि बहुतेक वेळा रामायण. हा खेळ करणारी मंडिकर जमात घरात मराठी बोलते! नावामागे आजही 'राव' लागतं. भोसल्यांच्या काळात आपले पूर्वज इकडे आले, असं ते परंपरेने सांगतात. आंध्र-कर्नाटकातल्या कातडी बाहुल्यावाल्यांमध्येही मराठी बोलणारी घराणी आहेत. पडद्यावर राम तमिळ बोलतो, तेलुगू बोलतो, कन्नड बोलतो. पडद्यामागे बाप पोराला "दिवा नीट धर" म्हणतो ते मराठीत. पिढ्यान् पिढ्या पोटाची भाषा एक आणि पोटातली भाषा दुसरी.

आता राजवाड्याकडे बघा. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. त्यांचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ गादीवर होते, आणि त्यांनी स्वतः मराठी नाटकं लिहिली. त्यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' साधारण १६९० चं. विष्णुदास भाव्यांचं सांगलीचं 'सीतास्वयंवर' १८४३ चं, म्हणजे दीडशे वर्षं अलीकडचं. (भावेसुद्धा बाहुल्या करणारे होते बरं का. त्यांच्या लाकडी बाहुल्या पुढे रामदास पाध्यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या.)

मग आले दुसरे सरफोजी, राज्यकाळ १७९८ ते १८३२. हातात सत्ता फारशी उरली नव्हती, ती इंग्रजांकडे गेलेली. या राजाने काय केलं? शाळा काढल्या, छापखाना घातला. १८०६ मध्ये त्या छापखान्यातून 'बालबोध मुक्तावली' निघाली, म्हणजे इसापच्या गोष्टी, मराठीत, देवनागरी टायपात. मुलांसाठी मराठी पुस्तक, आणि तेही पुण्या-मुंबईच्या आधी, कावेरीकाठी! शिवाय त्यांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी भटकी बाई. ही बाई थेट देवलोकात जाते आणि पृथ्वीचा भूगोल सांगते: खंडं, देश, समुद्र, सगळं गाण्यांतून. भूगोलाच्या रटाळ तासाला असा उतारा मी दुसरा पाहिला नाही. देवांना शिकवायला पंडित नाही, भटकी बाई पाठवली, ही राजाची चलाखी मला फार आवडते.

१८५५ मध्ये संस्थान खालसा झालं. राजांची नाटकं वाचली, कारण ती लिहिलेली होती. आज ती सरस्वती महालात जपलेली आहेत. मंडिकरांचे संवाद मात्र तोंडी चालत आले. बापाने पोराला दिले, पोराने पाठ केले. पोरगा शहरात रिक्षा चालवायला गेला की एक अख्खं रामायण बंद पडतं, आणि त्याला सरस्वती महाल नाही. म्हणून मी मुलांना आधी वही देतो, बाहुली नंतर.

आता त्या वहीत काय लिहायचं? मुलं पहिल्यांदा असं लिहितात: "हत्तीला खूप राग आला. हत्ती म्हणाला, मला खूप राग आला आहे." आठ वर्षांच्या एका पठ्ठ्याने हेच लिहून आणलं. मी त्याच्या हातात बाहुली दिली आणि म्हटलं, आता राग दाखव. त्याने बाहुली गदागदा हलवली. प्रेक्षक हसले. बाहुलीचा चेहरा बदलत नाही, ही सगळ्यात मोठी अडचण आहे आणि सगळ्यात मोठी सोयही आहे. सिनेमातल्या नटाला भुवई उचलता येते. लाकडाला नाही. त्यामुळे भावना कृतीत टाकावी लागते, आवाजात टाकावी लागते, थांबण्यात टाकावी लागते. मी विचारलं, "रागावलेला हत्ती काय करत नाही?" पोरगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "केळं घेत नाही." झालं! माहूत केळं पुढे करतो, हत्ती तोंड फिरवतो. माहूत दुसऱ्या बाजूने जातो, हत्ती पुन्हा तोंड फिरवतो. एक शब्द नाही, आणि राग शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

हे मला फौजेने शिकवलं. जवानांना घरून पत्रं यायची. 'आम्ही दुःखी आहोत' असं कुणाच्या आईने कधी लिहिलं नाही. 'गाय आटली', 'तुझी सायकल पुसून ठेवली', एवढंच असायचं. जवान पत्राची घडी घालून खिशात ठेवायचा आणि त्या रात्री जेवायचा नाही.

दुसरी गोष्ट कोमाळीची. मुलाला जे स्वतःच्या तोंडाने बोलता येत नाही, ते विदूषकाला बोलता येतं. कातडी बाहुल्यांच्या खेळातही उच्चिकुडुंबन आणि उळुवत्तलैयन अशी गमत्यांची जोडगोळी आहे. राम-रावणाच्या मधे घुसून ते गावच्या गप्पा मारतात. एका मुलीचे वडील आखातात नोकरीला. तिने लिहिलेल्या नाटकात राजकन्या शहाण्यासारखी म्हणते, "महाराज कामात आहेत, मला कळतं." आणि कोमाळी प्रेक्षकांकडे वळून सांगतो, "खोटं बोलते. दाराचा आवाज झाला की पळत जाते." ही ओळ मी सुचवलेली नाही, कुणीच सुचवलेली नाही. मी फक्त म्हटलं होतं की नाटकात एक तरी कोमाळी हवा आणि त्याला कुणी रागवायचं नाही. ही अट मोठ्यांनी पाळायची असते. मुलाच्या नाटकात आई भांडकुदळ निघाली तर आईने रुसून बसू नये.

तिसरी गोष्ट भाषेची. कुंभकोणमची ही मुलं शाळेत तमिळ-इंग्रजी लिहितात, मराठी फक्त घरात, तीही आजीपुरती. देवनागरी बहुतेकांना वाचता येत नाही. शुद्ध मराठीत लिहा म्हटलं की वह्या कोऱ्या राहतात. म्हणून सांगितलं, ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत लिहा, लिपी कुठलीही चालेल. मग राजा तमिळ बोलू लागला, मास्तर इंग्रजी, आणि अंधाराला घाबरलेलं हत्तीचं पिल्लू मराठी, तमिळ अक्षरांत लिहिलेलं. आमच्या सौ.च्या मावशी ते ऐकून दोन वेळा "पुन्हा वाच" म्हणाल्या.

पुण्यातल्या मुलांनाही हे सगळं लागू आहे, फक्त भाषांची अदलाबदल करून घ्या. खर्च काही नाही: जुना मोजा, दोन बटणं, आणि रेघी वही. नाटक पाच मिनिटांचं पुरे. पात्रं तीन, त्यात एक कोमाळी.

पुढच्या भागात कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊ. तिथल्या ठाकर मंडळींनी कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या राखल्यात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. वह्या घेऊन या.