प्लगवरचा आकडा

ओहोटी लागलेली आणि होडीचे यंत्र खाडीच्या मध्यावर बंद पडलेले! असा प्रसंग माझ्यावर एकदा आला. होडीवाल्याने प्लग खोलला. तो काजळीने काळा आणि तेलाने ओला झाला होता. "नवाच घातलाय हो, मास्तर," तो म्हणाला. प्लग नवा होता हे खरे, पण तो त्या यंत्राचा नव्हता. ही चूक कशी होते, हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

होडीच्या पाठीला अडकवायचे यंत्र लोकांच्या हाती पोचवले ते ओले एव्हिनरूड याने. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला हा कारागीर अमेरिकेत वाढला. तळ्यापलीकडून आणलेले आइस्क्रीम वल्हवता वल्हवता वितळले, म्हणून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. ते असो. १९०९ साली मिल्वॉकी शहरात त्याचे दीड अश्वशक्तीचे यंत्र विक्रीस आले. ठिणगीची सोय त्याआधीच झाली होती. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी सिद्ध केली होती.

आता मुख्य गोष्ट ऐका. ठिणगी कोणताही चांगला प्लग देतो. भेद आहे तो उष्णता बाहेर टाकण्यात. प्लगचे टोक सुमारे ४५० अंशांच्या वर तापले, तरच त्यावरची काजळी जळते. ते ८५० च्या पलीकडे गेले, तर ठिणगीच्या आधीच इंधन पेटते आणि पिस्टनला भोकही पडू शकते. टोकाशी चिनी मातीची नळी लांब असेल, तर तो 'गरम' प्लग. आखूड असेल, तर 'थंड'. त्यातून जुनी यंत्रे पेट्रोलमध्ये तेल फार मागत. पुष्कळांना २४ भागांस १ भाग तेल लागे. म्हणून काजळीही फार.

खरी फसगत होते ती आकड्यात. अमेरिकेच्या चॅम्पियन प्लगवर आकडा वाढला, की प्लग अधिक गरम. जपानच्या एनजीके प्लगवर आकडा वाढला, की तो अधिक थंड! आमच्या होडीवाल्याने मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद असे समजून थंड प्लग बसवला होता. सावकाश चालणाऱ्या होडीत तो तापेचना, मग काजळी जळणार कशी?

तेव्हा जुन्या यंत्राला प्लग घेताना काय पाहाल? यंत्राच्या पुस्तकातला मूळ आकडा पाहा. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा, तर दुकानातल्या तक्त्यावरून जुळवून घ्या. अंदाजाने घेऊ नका. आट्यांची जाडी आणि लांबी तीच हवी. लांबी जास्त झाली, तर पिस्टन प्लगवर आदळेल. फट मोजून ठेवा. पुष्कळ जुन्या एव्हिनरूड यंत्रांना ती ०.०३० इंच सांगितलेली असे. शिवाय काढलेला प्लग वाचायला शिका. तपकिरी असेल, तर ठीक. काळा नि ओला असेल, तर आधी तेलाचे प्रमाण तपासा. पांढराफटक असेल, तर तो फार तापतो आहे.

एव्हिनरूड यंत्रांचे उत्पादन २०२० साली थांबले. कारखाना बंद होतो, पुस्तकही हरवते. म्हणून आपल्या यंत्राचा आकडा आजच होडीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवा. भर खाडीत तोच कामी येईल.