आलेखाचा वेग आणि सेटिंगचा वेळ

गेल्या पावसाळ्यातल्या एका गुरुवारी पुतण्या घरी आला. भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये तो सीएनसी मशीन चालवतो आणि सुटीच्या दिवशी शेअर बाजार बघतो. "काका, चार्ट फार हळू उघडतात. पाचशे शेअर चाळायला लावले की चहा पिऊन आलो तरी चाललेलंच असतं. कॉम्प्युटरची डिस्क बदलायची म्हणतोय. साधी एसएसडी घेऊ की एनव्हीएमई?" प्रश्न खरे तर दुकानदाराला विचारण्याचा होता, पण त्याचे उत्तर शोधता शोधता मी चाळीस वर्षे मागे गेलो.

सुरुवात गुरुवारापासूनच करायला हवी. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्या वेगवेगळ्या दिवशी ठेवल्या गेल्या आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. पुण्यातला नोकरदार रविवारी मोकळा असतो तेव्हा बाजार बंद असतो. इथला कामगार मोकळा असतो तेव्हा बाजार भरात असतो. इथल्या कामगार वस्त्यांत शेअरची गोडी पसरायला जी कारणे झाली, त्यांत हे एक मला महत्त्वाचे वाटते.

पुणे शेअर बाजार १९८२ मध्ये सुरू झाला. तेव्हा मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. गुरुवारी लोकलने शिवाजीनगर गाठायचे आणि दलालाकडे जायचे, हा आमच्या तिघा-चौघांचा क्रम. वर्तमानपत्रातले बंद भाव घेऊन मी रोज रात्री ग्राफ पेपरवर वीस शेअरचे आलेख काढी. तासभर लागे. पूर्ण झालेले कागद पत्र्याच्या पेटीत जात. पुढे एखादा जुना कागद हवा असला, की पेटी उपसण्यात जो वेळ जाई, त्यापुढे आलेख वाचण्याचा वेळ काहीच नसे. पुतण्याच्या प्रश्नाचे मूळ या पेटीतच आहे, हे मला फार उशिरा कळले.

नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे व्यवहार पडद्यावर सुरू झाले. मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही त्या वाटेने गेला. भाव आता आकड्यांच्या फायलींतून मिळू लागले आणि ग्राफ पेपरचे काम संगणकाकडे गेले. दिवसाला एका शेअरची एकच नोंद, म्हणजे वर्षाला अडीचशेच्या आसपास. एवढे ओझे त्या काळच्या डिस्कलाही जड नव्हते. ओझे वाढले ते मिनिटामिनिटाचे भाव साठवू लागल्यावर. आज बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटे चालतो. एका शेअरच्या वर्षाला सुमारे ९४ हजार नोंदी होतात. नोंदीला ४० बाइट धरले, तर पाचशे शेअरचा वर्षाचा साठा दोन गिगाबाइटच्या आतच राहतो. मग घोडे अडते कुठे?

ते समजायला हार्ड डिस्क उघडून बघावी. बंद पडलेली एक डिस्क मी उघडली तेव्हा आत ओळखीचेच जग भेटले: स्पिंडल, बेअरिंग, फिरत्या चकचकीत तबकड्या आणि त्यांवरून सरकणारा हात. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली डिस्क विक्रीला आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. पुढे तबकड्या लहान झाल्या, साठा अफाट वाढला, पण यंत्र तेच राहिले. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते. हात जागेवर येणार आणि हवा तो भाग त्याच्याखाली फिरून येणार, यात सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद जातात.

लेथवर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळते. जॉब कापायला दोन मिनिटे आणि चकमध्ये बांधून सेंटर करायला वीस मिनिटे, अशी गत असेल तर कटिंगचा वेग वाढवून काय उपयोग? खाणारा वेळ सेटिंगचा असतो. डिस्कचेही तसेच. रोज पाचशे फायलींना थोडा थोडा मजकूर जोडला जातो आणि तो जागा मिळेल तिथे विखुरतो. टोकाचा हिशेब करू: वर्षाचे २५० दिवस आणि प्रत्येक दिवसाचा तुकडा वेगळ्या जागी. पाचशे शेअरचे सव्वा लाख तुकडे झाले. प्रत्येकासाठी साडेबारा मिलिसेकंद धरले, तर नुसत्या शोधात २६ मिनिटे! तोच साठा सलग वाचायला सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने तेरा सेकंद पुरतात. म्हणजे कटिंग तेरा सेकंदांचे आणि सेटिंग २६ मिनिटांचे.

हे सेटिंग संपवले ते फ्लॅश मेमरीने. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात मांडली. तिच्यात फिरणारे काहीच नाही. शोधाला मिलिसेकंदाचा दहावा भाग धरला, तरी ते सव्वा लाख तुकडे साडेबारा सेकंदांत सापडतात. मग साधी साटा एसएसडी की एनव्हीएमई? सलग वाचनात दुसरी सहापट पुढे जाते, पण आमच्या दोन गिगाबाइटला तिथे वाचतात तीन-चार सेकंदच. शोधाच्या वेळात दोघींत फार अंतर नाही. त्यापुढे अडते ते सरासऱ्या काढणाऱ्या प्रोसेसरपाशी. एक बॉटलनेक काढला की पुढचे मशीन बॉटलनेक होते, हे टूलरूममध्ये पहिल्या वर्षी शिकवतात. म्हणून मी पुतण्याला सांगितले, "साधी एसएसडी घे, उरलेल्या पैशांत रॅम वाढव. एकदा वाचलेले मेमरीत राहिले, तर डिस्ककडे पुन्हा जावेच लागणार नाही. आणि जुनी डिस्क फेकू नकोस, साठ्याची दुसरी प्रत तिच्यावर ठेव."

तो खूश झाला. मी मात्र नाही. कारण मग तो म्हणाला, "चार्ट वेळेवर दिसले असते, तर गेल्या वर्षीचा तोटा झाला नसता."

इथे पुन्हा गुरुवार येतो. २००० मध्ये निर्देशांकाचे फ्युचर्स आले, त्यांची मुदत महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी संपे. २०१९ पासून निफ्टीचे आठवडी ऑप्शन आले, तेही गुरुवारी संपणारे. सप्टेंबर २०२५ पासून हा दिवस मंगळवारवर गेला. पण मधली काही वर्षे आमच्या पट्ट्याची सुटी आणि बाजारातला सर्वांत चंचल दिवस एकच होता. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये. इतक्या सगळ्यांच्या डिस्क हळू होत्या, असे कसे म्हणणार?

स्वेच्छानिवृत्तीच्या पैशातला काही भाग मीही २००० च्या संगणक-शेअरांच्या तेजीत घालवला. तेव्हाही माझा समज हाच होता की मला बातमी उशिरा कळली. नंतर पेटीतले कागद काढून पाहिले, तर उतरती रेषा मीच माझ्या हाताने काढलेली होती. दिसत होती, पाहायची नव्हती.

पुतण्याला मी तो कागद दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. नवी डिस्क त्याने घेतली, चार्ट आता सेकंदांत उघडतात. त्यासोबत एक दोनशे पानी वहीही आणली आहे. प्रत्येक सौदा का केला, हे आधी तिच्यात लिहायचे आणि मगच बटण दाबायचे, असे ठरले आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे पाटावर ती वही मांडली जाईल. लिहायला वेळ लागतो, अशी त्याची तक्रार आहे. तेवढे सेटिंग राहू दे, असे मी त्याला सांगितले आहे.